ज्या कागदांचं कार्ड केलं नव्हतं

माझी मुलगी हैदराबादला एका कंपनीत काम करते. लोक कॉम्प्युटरवर काही शोधताना कोणते शब्द टाकतात हे हुडकायचं, आणि कंपनीचं पान त्या शब्दांना सापडेल असं लिहून घ्यायचं, हे तिचं काम. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा ती पडद्यावर शब्द मोजणाऱ्या दोन कंपन्यांच्या दोन खिडक्या शेजारीशेजारी उघडून बसली होती. एकच शब्द दोन्हीकडे टाकायची आणि आकडे ताडून बघायची. एकीकडे तो शब्द पुष्कळ लोक विचारतात असं येत होतं, दुसरीकडे चक्क शून्य.

"मग यातलं चांगलं कोणतं?" मी विचारलं.

"तेच तर ठरवायचं आहे, आई. दोन्हीपैकी एकच घ्यायचं म्हणतात साहेब."

"ते शून्य म्हणून राह्यलं. म्हणजे कोणी विचारत नाही, का त्याले ऐकू येत नाही?"

ती हसली. तुला नाही कळणार, म्हणाली. मला राग आला. ती जन्मायच्या आधी मी हेच काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर केलं आहे, आणि असल्याच एका शून्यापायी एक बाई जिवानिशी जाणार होती. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. आता लिहून ठेवते.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पहिली मुलगी नाही, पहिलं माणूस. माझ्या वडिलांना सही करता येत होती, तीही मोडीसारखी वळणं घेत. कापूस आणि ज्वारीच्या पैशावर त्यांनी मला आदिलाबादला कॉलेजात ठेवलं. घरी मराठी, वर्गात तेलुगू आणि इंग्रजी, बाजारात हिंदी, अशा चार भाषांमधून मी बी.ए. झाले. डिग्रीच्या कागदावर माझं माहेरचं नाव आहे. लग्नानंतर सासरी नाव बदललं, पण मी नोकरीच्या अर्जावर डिग्रीवरचंच लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, "दोन दोन नावं कायले पायजे?" मी म्हटलं, कमावलेलं एक आहे, तुम्ही दिलेलं एक आहे.

गुडीहत्नूर सोडून नेरडीगोंड्याकडे निघालं की हमरस्त्याला लागून तेव्हा एक लहान खासगी दवाखाना होता. आता नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी तिथं कारकून म्हणून लागले. जुने केसपेपर एका खोलीत असायचे. त्या खोलीला सगळे दफ्तर म्हणत, आणि दफ्तर एक म्हातारे चाचा सांभाळत. निजामाच्या वेळी उर्दूत शिकलेला माणूस. त्यांनी प्रत्येक मौज्याचा, म्हणजे गावाचा, एक बस्ता केला होता, लाल फडक्यात बांधलेला. बस्त्यात कागद कोणत्या क्रमानं आहेत ते फक्त त्यांना ठाऊक. कोणी जुना कागद मागायला आला की ते आधी त्यालाच प्रश्न विचारत. कधी आलते? कोण आणलं होतं? बैलगाडीनं का बसनं? मग उठून नेमका बस्ता सोडत. जवळ एक जाड वही होती. माणसं काय बोलून कागद मागतात, ते शब्द त्या वहीत गाववार लिहिलेले, पुढं तसे कागद किती आणि विचारणारा कोण. मला ते सगळं खेडवळ वाटायचं. कॉलेजच्या लायब्ररीत मी सागवानी खणांत कार्डं पाहिली होती, नावाच्या अक्षरानं लावलेली. नाव सांगा, खण ओढा, कार्ड काढा.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या, तेलुगू होत्या आणि घाईचं माणूस होत्या. मी कार्डांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आधी दोन्ही पद्धती लावून बघू. त्यांनी तीनचार बस्त्यांतून कुठलेही वीस कागद काढले, त्यांच्यावरची नावं वीस चिठ्ठ्यांवर उतरवली आणि कागद परत ठेवायला लावले. त्याआधी मी त्या बस्त्यांची कार्डं करून ठेवली होतीच. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मी वीसच्या वीस काढले. चाचा एकेक चिठ्ठी हातात घेऊन उभे राहत आणि सवयीनं विचारत, "किसके साथ आई थी?" चिठ्ठी काय बोलणार? त्यांना निम्मे सापडले, तेही रखडत. कंपाउंडर म्हणाला, "चाचा, अब नातवंडं सांबाळा." सगळे हसले, मीही हसले.

चाचा मला म्हणाले, "चिठ्ठी कागज पर से उतारे, तो कागज मिल गया. आदमी आके पूछेगा तब देखना, बेटी."

मला वाटलं, हरलेला माणूस बोलणारच. पण ती चाचणीच खोटी होती. कागदावरचेच शब्द चिठ्ठीवर आले होते. कागद न पाहिलेला माणूस कोणत्या शब्दांनी विचारेल, ते त्या टेबलावर कोणी तपासलं नाही. माझ्या पदवीनं मला ते दाखवलं नाही.

चाचांना बाहेर, रोग्यांना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून द्यायच्या खिडकीवर बसवलं. दफ्तर माझं झालं. चारेक महिने लागून मी एकूण एक बस्ता सोडला, कागद नावांप्रमाणे लावले, लाल फडकी धुऊन पुसायला दिली. चाचांनी बांधलेला क्रम मी माझ्या हातांनी मोडला, हे इथं स्पष्ट लिहिते.

काही कागद मात्र कार्डात बसेनात. नावाच्या जागी लिहिलेलं असायचं, अमक्याची सून. तमक्याची भाची. पाटलाच्या घरची मोठी. बाईचं स्वतःचं नाव कुठंच नाही. मला त्या कागदांचा संताप यायचा. मी दोन नावं वागवणारी, आणि इथं एका बाईला एकही नाही. मी चाचांना सुनावलं होतं, "ज्या कागदावर बाईचं नाव नाही, तो मी कागदच मानत नाही."

ते म्हणाले, "नाम तो मैं भी पूछता था. बाप मेरेकूच पूछता, कौनसा बोलूं, हमारा का उनका? पीछे लाइन रहती थी, बेटी. लानेवाले का लिख लेता था."

मी ते सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत टाकले, लावले नाहीत, मोजले नाहीत. पेटीवर खडूनं लिहिलं, अपूर्ण. आणि ती कपाटावर चढवून दिली.

कापूस वेचणीच्या दिवसांत, दुपारी, दवाखान्यासमोर कापसाचा टेम्पो थांबला. गाठोड्यांवर एक बाई आडवी होती, दिवस भरलेली. सोबत सासू आणि नवरा. आयांनी तिला आत नेलं. डॉक्टरीणबाई तपासून पाच मिनिटांत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता.

"आधीचं ऑपरेशन आहे. जुना टाका दुखतोय," त्या मोडक्यातोडक्या मराठीत सासूला म्हणाल्या. "पुन्हा पोट उघडावं लागेल. आत्ताच."

"उघडा जी," सासू म्हणाली. "पण पयल्या खेपेले इथंच फाडलं होतं, तवा कोनतं तरी इंजेक्शन देल्लं अन् आंग सुजलं, जीभ सुजली, दम घेता ये नाही. मरता मरता वाचली पोरगी."

"कोणतं इंजेक्शन?"

"आमाले काय समजते? डाक्टरनं कागद देल्ला होता, जिथं जासान तिथं दाखवा म्हने. तो उधईनं खाल्ला. भिंतीतून निंघते आमच्याकडं उधई."

आधीचे डॉक्टर केव्हाच बदलून गेले होते. नवऱ्याला विचारलं तर तो दुपट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "मी कायले राहीन तिथं? मी बारशाले गेलो होतो."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "भुलीचं असेल किंवा पेनिसिलीन असेल. एक मी टाळू शकते. दोन्ही टाळून पोट उघडता येत नाही, अम्मा. जीप निर्मलला गेली आहे, आणि रस्त्यावर हिचा टाका फुटला तर संपलं. जुना केसपेपर काढा. त्वरगा." त्वरगा म्हणजे लवकर, घाई झाली की त्यांची तेलुगू वर यायची.

मी नवऱ्याला नाव विचारलं. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग बायकोचं नाव खालच्या आवाजात सांगितलं. स्वतःचं आणि गावाचं नाव मात्र खणखणीत सांगितलं.

मी खण ओढला. नाही. त्या नावाच्या मागची आणि पुढची कार्डं पाहिली, एखादं चुकून सरकलं असेल म्हणून. नाही. गावांच्या कार्डांचा वेगळा खण होता, तोही पाहिला. नाही. माहेरचं नाव विचारलं, तेही पाहिलं. नाही. मला एक प्रकारची खात्री वाटत होती. माझी कार्डं मी लिहिली होती. मला त्यांचा भरवसा होता.

मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "ती इथं आलेलीच नाही, मॅडम. यांचा काहीतरी घोळ आहे. दुसऱ्या दवाखान्यात झालं असेल."

"इथंच झालं, बाई," नवरा म्हणाला.

"कार्डात नाही म्हणजे नाही."

सासूनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमच्या डब्यात नसंल. आमची सून तं इथंच होती. त्या तिकडच्या खाटेवर, खिडकीपाशी. खिडकीले जाळी नोती तवा."

खिडकीला जाळी नव्हती, हे खरं होतं. जाळी मी लागल्यावर बसली. म्हणजे सासू खरं बोलत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वीस मिनिटं. मग मला एक काहीतरी धरून चालावं लागेल." आणि आत गेल्या. आतून ती बाई ओरडत नव्हती, कण्हत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

चिठ्ठ्यांच्या खिडकीवर चाचा बसले होते. पुढं दहाबारा माणसांची रांग. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रांगेला हातानं थांबवून त्यांनी सासूला हाक मारली, "अम्मा, पिछली बार कौन लेके आया था?"

"तिचा मामा."

"बाप?"

"बाप कुठं हाय तिले? लहान असतानीच गेला. मामानंच वाढवली, लगनबी त्यानंच लावून देल्लं. पयलं बाळातपन त्याच्याच घरून."

"मौजा कौनसा?"

सासूनं गुडीहत्नूरच्या पलीकडच्या एका गावाचं नाव घेतलं. ना सासरचं, ना बापाचं. तिसरंच गाव. चाचांनी खिडकी लावली. रांगेतून कोणी कुरकुरलं, "काऊन बंद केलं, चाचा?" ते वही घेऊन सरळ दफ्तरात आले. सहा महिन्यांत ते त्या खोलीत पहिल्यांदा येत होते.

"वो पेटी उतारो," ते म्हणाले.

कोणती, ते मला विचारावं लागलं नाही. मी स्टुलावर चढून ती उतरवली. धूळ आमच्या दोघांच्या तोंडावर आली.

"गांववार लगाए होंगे?"

"नाही, चाचा."

"साल से?"

"नाही. नुसते टाकले आहेत."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी उलट बोलले असते, माझा स्वभाव तसा आहे. त्यांनी खाली सतरंजीवर पेटी उपडी केली आणि वही उघडली. त्या गावाच्या पानावर त्यांच्या उर्दू अक्षरांत ओळी होत्या. बोट फिरवत त्यांनी वाचलं, "मामा-भांजी, दो." म्हणजे त्या गावातून मामानं भाचीला आणल्याचे कागद दोन होते. त्या ढिगात, कुठंतरी.

आम्ही दोघं दोन बाजूंनी बसलो. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात गावाचं नाव असायचं, तेवढंच पाहायचं आणि बाजूला टाकायचं. पहिल्यांदा मला कळलं की असे कागद किती होते. मी काहीशे बायकांना कपाटावर चढवून ठेवलं होतं. नर्स दारात आली. "बाई, मॅडम विचारून राह्यल्या." मी मान वर केली नाही. चाचा म्हणाले, "बोलो, ढूंढ रहे."

त्या गावचा पहिला भाचीचा कागद मला मिळाला. मी उठलेच होते. चाचांनी माझ्या हातातून घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. "ये सांप काटे की है."

नर्स पुन्हा आली. या वेळी ती नुसती दाराशी उभी राहिली. त्यावरून मला समजलं की वेळ संपली.

दुसरा कागद ढिगाच्या तळाशी होता, दुसऱ्या एका कागदाला ओलीनं चिकटलेला. चाचांनी नखानं हळूहळू सोडवला. मला ते हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. फाटला असता. वर नावाच्या जागी मामाचं नाव आणि पुढं, की भांजी. वय अंदाजे. आणि खाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित: पेनिसिलीन, चाचणीच्या थेंबालाच रिॲक्शन.

मी धावले. आत ट्रे तयार होता. पांढऱ्या फडक्यावर भरलेली लहान सिरिंज होती, चाचणीच्या थेंबाची. डॉक्टरीणबाईंनी भुलीचं धोक्याचं धरून ते टाळायचं आणि पेनिसिलीन द्यायचं ठरवलं होतं. त्यांनी कागद एकदाच पाहिला आणि नर्सला म्हणाल्या, "तो ट्रे हलव. पूर्ण हलव, खोलीबाहेर."

मुलगी झाली. आई वाचली. संध्याकाळच्या चहाला डॉक्टरीणबाई दफ्तरात आल्या, माझ्या सागवानी खणांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं अम्मा, आपण कार्डं केली."

मी मान हलवली. हे लिहायला मला आजही जड जातं, पण मी होकाराची मान हलवली. भिंतीपलीकडे चाचा खिडकी लावून घरी जायची तयारी करत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. ते आत आले नाहीत.

ती बाई आठवडाभर राहिली. घरी जायच्या दिवशी मी नवं कार्ड घेऊन तिच्या खाटेपाशी बसले. नवरा टेम्पो बघायला गेला होता, सासू नातीला घेऊन ओसरीत होती. मी तिला विचारलं, "तुझा कागद कोणत्या नावावर ठेवू? तू विचारायला आलीस तर काय म्हणशील?"

ती गोंधळली. "मी काऊन इचारीन? मामाच इचारते."

"तरी. तुझं नाव."

तिनं एक नाव सांगितलं. ते नवऱ्यानं सांगितलेलं नव्हतं आणि सासूनं घेतलेलं नव्हतं. मामा तिला लहानपणापासून ज्या नावानं हाका मारायचा, ते. मी कार्डावर लिहिलं. मग आणखी तीन कार्डं केली: नवऱ्याचं, बापाचं, मामाच्या गावाचं. चारही खणांत टाकली. ती बघत होती. म्हणाली, "एका बाईले इतके कागद?"

त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, कागद माझ्या कार्डात नव्हता. मी टाकून दिलेल्यात होता, आणि चाचांनी काढला. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, आलेलीच नाही."

"हो."

"मी त्यावर इंजेक्शन भरलं होतं."

"हो, मॅडम."

त्यांनी मला काढलं नाही. मी त्याची तयारी करून गेले होते. त्या म्हणाल्या, पेटीतला प्रत्येक कागद लावून झाल्याशिवाय दुसरं काम करायचं नाही, आणि चाचांना आत बोलवा.

चाचा आले नाहीत. मी खिडकीशी जाऊन दोनदा म्हटलं. ते चिठ्ठी फाडता फाडता म्हणाले, "नक्को. मेरेकू इधरीच ठीक है. लोगां इधर आके पूछते, अंदर कौन पूछता?" मग मला टोमणा मारावा तसं, पण हसून, "तुमकू लगे तो वही ले जाव. शाम को."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते वही माझ्याकडे द्यायचे आणि सकाळी घेऊन जायचे. दिवसभरात कोण काय शब्दांनी विचारायला आलं, ते मी त्यांच्याकडून वाचून घ्यायची आणि तेवढी कार्डं वाढवायची. पेटी रिकामी व्हायला वर्ष गेलं. पुढं नव्वदच्या दशकाच्या शेवटाला दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा हैदराबादहून आलेल्या मुलानं मला तो दाखवताना तीच चाचणी केली. कागदावरून नाव वाचलं, टाइप केलं, सापडलं. मी म्हटलं, आता असं टाका, मामासोबत आलेली भाची. तो म्हणाला, असं कोणी विचारत नाही, मॅडम. मी त्याला खुर्ची दिली आणि दुपारभर खिडकीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं नावाशेजारी एक रकाना वाढवून दिला, 'आणणारा'.

तोवर चाचा गेले होते. वही त्यांच्या मुलानं मला आणून दिली. उर्दू मला येत नाही, पण पाहून पाहून काही अक्षरं ओळखू येतात. गुडीहत्नूरच्या पलीकडच्या त्या गावाचं पान मी काढलं. मामा-भांजी, दो, ही ओळ होती. तिच्याखाली नव्या शाईनं आणखी एक ओळ लिहिलेली दिसली. मुलाला वाचायला लावली. त्यानं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं, कारण ती उर्दू अक्षरांत असली तरी मराठी होती.

इथं आलेलीच नाही. आणि पुढं, विचारणाऱ्याच्या जागी: दफ्तरवाली.